खिशातलं .२२ पिस्तूल घ्यावं का? परवाना, खर्च, कायदा आणि वस्तीवरचा खरा हिशेब

कुंडल (ता. पलूस) | प्रतिनिधी

गावठाणातली जुनी घरं सोडून रानात, मळ्यात घर बांधून राहणाऱ्यांची संख्या आपल्या भागात वाढली आहे. पलूस, कडेगाव, वाळवा, तासगाव काय आणि पलीकडं कराड काय, सगळीकडं हेच चित्र. शेजारचं घर दोन-तीनशे मीटरवर, मधे उभा ऊस आणि शेतीची लाईट रात्रीची. मोटारीची केबल तोडून नेतात, बिबट्याचे ठसे दिसतात, कुठंतरी वस्तीवर दरोडा पडल्याची बातमी येते. मग डेअरीवर नाहीतर पारावर विषय निघतोच, "एखादं लहानसं पिस्तूल घेऊन ठेवावं काय?"

त्यात मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडीओ येतात. तळहातावर मावणारं पिस्तूल, आवाज कमी, धक्का कमी, गोळी स्वस्त. बघणाऱ्याला वाटतं, हेच आपल्याला पाहिजे. पण तिथला बाजार वेगळा आणि आपला कायदा वेगळा. म्हणून हा सगळा विषय एका जागी मांडून ठेवतोय. कुणी विचारलं तर त्याला पाठवायला उपयोगी पडेल.

थोडक्यात उत्तर

- .२२ चं लहान पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेता येतं, पण त्यासाठी सबळ आणि कागदावर दाखवता येणारं कारण लागतं. "भीती वाटते" एवढं पुरत नाही.
- मोटार चोरी, बिबट्या आणि रानडुक्कर या तिन्हींवर ते चालवता येत नाही. कुठं कायदा आडवा येतो, कुठं ते हत्यारच अपुरं पडतं.
- ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे आणि त्याची पोलिसांत नोंद आहे, त्यानं रीतसर अर्ज करावा. त्याच्यासाठीसुद्धा .२२ पेक्षा .३२ जास्त भरवशाचं.
- बाकीच्यांनी तोच पैसा उजेड, कुत्रं, कॅमेरा आणि शेजार यावर घालावा.

आता एकेक मुद्दा सविस्तर.

.२२ म्हणजे नेमकं काय?

.२२ हा आकडा नळीच्या मापाचा. इंचाच्या शंभर भागांतले बावीस, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर. याचं सगळ्यात चालणारं काडतूस 'लाँग रायफल' नावानं ओळखलं जातं आणि ते १८८७ पासून वापरात आहे. त्यातली शिशाची गोळी साधारण अडीच ग्रॅमची.

मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टिकली असते. पिन तिच्यावर आपटली की बार होतो. .२२ मध्ये अशी वेगळी टिकली नसते. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, काठाच्या आत भरलेला असतो आणि पिन त्या काठावर आपटते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. काठ दबावा लागतो म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पितळ पातळ म्हणून दाब कमी ठेवावा लागतो, आणि दाब कमी म्हणून गोळीचा जोर कमी. शिवाय काठात कुठं मसाला नीट पसरला नसेल तर पिन आपटूनही बार होत नाही. काडतूस फुसकं निघण्याचं प्रमाण मधल्या टिकलीच्या काडतुसापेक्षा रिमफायरमध्ये जास्त असतं. सरावात ते चालतं. अंधारात समोर कोयता घेतलेला माणूस उभा असताना चालत नाही.

लहान पिस्तुलात आणखी एक अडचण असते. नळी बोटाएवढी, पकड दोन बोटांची आणि नेम धरायची खूण अगदी जवळजवळ. रोज सराव करणाऱ्यालाही त्यानं दहा पावलांवर नेम धरणं सोपं नाही. घाबरलेल्या, झोपेतून उठलेल्या माणसाची तर गोष्टच सोडा. धूळ, उसाच्या पाचटाची राख आणि पावसाळ्यातला दमटपणा यानं बारीक यंत्र अडकतं. नीट साफसफाई ठेवली नाही तर वर्षानं ते ऐनवेळी चालेल याची खात्री नाही.

म्हणून .२२ ला खेळणं समजायचं का? अजिबात नाही. गोळी लहान असली तरी जीव घेते. मोकळ्या रानात ती किलोमीटरच्या पुढंही जाते. पत्र्याच्या शेडमधून आरपार जाते. म्हणजे समोरच्याला थांबवायला ती अपुरी पडू शकते आणि पलीकडच्या वस्तीवरच्या पोराला लागायला मात्र पुरते.

.२२ ची खरी जागा खेळात आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. या दोन्ही प्रकारांत हेच .२२ रिमफायर काडतूस वापरतात. कमी धक्का आणि अचूकता हे त्याचे गुण तिथं कामाला येतात.

आपल्याकडं मिळतं काय?

व्हिडीओत दिसणारी इटली-अमेरिकेची पिस्तुलं विसरा. सर्वसामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करायला आपल्याकडं अनेक वर्षांपासून बंदी आहे. जुनी विलायती पिस्तुलं परवानाधारकांत हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव काही लाखांत जातात.

देशी मालात ऑर्डनन्स फॅक्टरीची हत्यारं आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. बंदुका-पिस्तुलांचं काम कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडं आलं. नावाजलेले प्रकार असे:

- निडर : .२२ चं हलकं रिव्हॉल्व्हर, पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीचं. वजन साधारण २५० ग्रॅम. बाजारात आलं तेव्हा किंमत ३५ हजारांच्या आसपास होती.
- निर्भीक : .३२ चं रिव्हॉल्व्हर, कानपूरचं. वजन ५०० ग्रॅम. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये.
- अशनी : .३२ चं पिस्तूल, इशापूरचंच.

या जुन्या किमती फक्त अंदाज यावा म्हणून दिल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी लागतो. आजचा भाव परवानाधारक विक्रेत्याकडूनच विचारावा. हत्याराबरोबर कुलूपबंद पेटी, काडतुसं, प्रशिक्षण, सांगलीचे हेलपाटे आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण हा खर्चही हिशेबात धरा.

९ मिलिमीटरसारखी पोलीस-लष्कराची मापं 'प्रतिबंधित बोअर' आहेत. ती आपल्याला मिळत नाहीत. .२२ आणि .३२ या मापांना परवाना मिळू शकतो.

आधी भीती लिहून काढा

पिस्तूल घ्यायचं का, हा प्रश्न दुसरा. आपल्याला नेमकी भीती कशाची आहे, हा पहिला. एका कागदावर लिहा आणि एकेक तपासा.

मोटार, केबल, ठिबक, जनावरं यांची चोरी. ही नुसती चोरी असेल तर चोराचा जीव घेण्याचा अधिकार कायदा देत नाही. केबल घेऊन पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता. काही हजारांच्या केबलीपायी कोर्टात वर्षं जातात, वकिलाच्या फीत रान जातं. या चोरीवर पिस्तूल हे उत्तर नाही.

बिबट्या. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. अंगावरच आला आणि जीव वाचवायला मारावं लागलं तर कलम ११ मध्ये सूट आहे, पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आणि .२२ ची गोळी बिबट्याला मारत नाही, जखमी करते. जखमी बिबट्या उसात बसला तर तो पहिल्यापेक्षा दहापट धोक्याचा. दुसऱ्या दिवशी तिथं ऊसतोडीची बाया-माणसं शिरणार असतात. उसात पिल्लं दिसली तर हात न लावता बाजूला व्हायचं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

रानडुक्कर. पिकाचं नुकसान खरं आहे. पण त्यासाठी वन विभागाकडं पंचनामा, नुकसानभरपाई आणि परवानगीची वेगळी पद्धत आहे. पिस्तुलानं डुक्कर आवरत नाही. जखमी डुक्कर उलटून येतं, हे रानात राहणाऱ्याला सांगायला नको.

भावकी, बांध, रस्ता, पाण्याची पाळी. या भांडणासाठी पिस्तूल घ्यायचा विचार मनात आला असेल तर तोच न घेण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. बांधाच्या भांडणात काठी निघाली तर डोकं फुटतं, टाके पडतात, चार वर्षांनी पोरांच्या लग्नात माणसं परत बोलतात. पिस्तूल निघालं तर एक घर स्मशानात आणि दुसरं कळंब्याच्या जेलात.

दरोडा. ही भीती खरी आहे. ४ जून २०२३ ला सांगलीत मिरज रस्त्यावरच्या सराफी दालनावर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला, ते सगळ्यांना आठवतं. पण दरोडेखोर एकटा येत नाही. चार-पाच जण, अंधार, घरातली म्हातारी माणसं आणि पोरं एका खोलीत. अशा वेळी कुलपातलं पिस्तूल काढून, भरून, नेम धरायला वेळ मिळतो का, याचा शांतपणे विचार करा. एक गोळी चुकली किंवा फुसकी निघाली तर पुढं काय होईल, याचाही.

सोनं किंवा मोठी रोकड नेणं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक, सराफ, पंपचालक, मोठे व्यापारी यांचा धोका वेगळा. धंद्यामुळं जिवाला आणि मालाला धोका हे कारण नियमांतही ओळखलेलं आहे. यांचा अर्ज विचारात घेण्यासारखा असतो.

नेमकी धमकी. साक्षीदार आहात, आधी हल्ला झालाय, खंडणीचा फोन आलाय. याची पोलिसांत तक्रार असेल तर अर्जाला आधार आहे. तक्रारच दिली नसेल तर आधी ती द्या.

कायदा गोळी कधी मान्य करतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी तो भादंविच्या ९६ ते १०६ मध्ये होता. सोप्या भाषेत:

- कलम ३७ : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क मिळत नाही.
- कलम ३८ : जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी बचाव मिळू शकतो.
- कलम ४१ : मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क थोड्याच प्रसंगी. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीव जाईल अशी भीती निर्माण करणारी चोरी आणि घुसखोरी.

धोका टळला की हक्क संपतो. चोर पळायला लागला की गोळी बंद. आणि हे सगळं ठरवणार कोर्ट, तेसुद्धा नंतर. त्या रात्री हत्यार जप्त होणार, जबाब होणार आणि गुन्हा दाखल होऊ शकतो.

परवाना कसा मिळतो?

हत्यार कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. परवाना देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. कुंडलकरांसाठी सांगली, कराड-पाटणकरांसाठी सातारा. काम गृह शाखेतून चालतं.

१. वय २१ पूर्ण पाहिजे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला आणि मानसिक स्वास्थ्य ठीक नसलेल्याला परवाना नाही.

२. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्र सरकारच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर ऑनलाईन. परवानाधारकाला एक वेगळा ओळख क्रमांक मिळतो. तो नसेल तर परवाना ग्राह्य नाही.

३. कागद : आधार, रहिवास, वय, फोटो, उत्पन्नाचा पुरावा, सातबारा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कारणाचा पुरावा. एफआयआरची नक्कल, तक्रारीची पोच, धंद्याची नोंदणी, उलाढाल.

४. तीन दाखले : हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, घरी सुरक्षित ठेवण्याची सोय आणि वैद्यकीय तपासणी, ज्यात मानसिक आरोग्यही येतं.

५. पोलीस अहवाल : आपल्या ठाण्याकडून, म्हणजे इथं कुंडल पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. गुन्हे, भांडणं, दारू, गावातली वागणूक, सगळं पाहिलं जातं. शेजाऱ्यालाही विचारतात.

६. निर्णय : नाकारलं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. कायद्याच्या कलम १८ नुसार वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. आदेश हातात पडला की मुदत बघून लगेच हालचाल करा. जमीन-जुमला कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात आहे.

शेतकऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायद्याच्या कलम १३ मध्येच फरक केलेला आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक (आपण जिला बारा बोअर म्हणतो) यासाठी कायदा तुलनेनं सैल आहे. खिशात लपणाऱ्या पिस्तुलासाठी मात्र 'सबळ कारण' दाखवावं लागतं. लपवून नेता येणारं हत्यार जास्त धोक्याचं, हा त्यामागचा विचार.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

"परवाना काढून देतो, एवढे द्या" म्हणणारा एजंट भेटला तर लांब राहा. दुसऱ्या राज्यातून काढलेले बनावट परवाने पकडले जातात, तेव्हा आत जातो तो परवानाधारकच.

परवाना मिळाल्यावरच्या जबाबदाऱ्या

- हत्यार आणि काडतुसं कुलपात, वेगवेगळी. चावी पोरांच्या हाती लागता कामा नये.
- परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर नेता येत नाही. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर कर्नाटकात अथणी-चिकोडीला नेणंही गुन्हा. गलाईच्या धंद्यासाठी देशभर फिरणाऱ्यांनी हे आधी बघावं.
- किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर असतं. विक्रेता नोंद करतो. आपणही हिशेब ठेवायचा.
- रानात डबा ठेवून सराव करायचा नाही. सराव मान्यताप्राप्त क्लबच्या रेंजवरच.
- वरातीत, जत्रेत, विजयी मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- पिस्तुलासोबतचा फोटो स्टेटसला ठेवू नका. पोलिसांना पुरावा आणि चोराला पत्ता एकदमच मिळतो.
- निवडणुकीत आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना हत्यार जमा करावं लागतं. आपल्याकडं ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना, झेडपी, विधानसभा, काही ना काही चालूच असतं. गाव सगळ्यात तापलेलं असतं तेव्हाच ते हत्यार घरात नसण्याची शक्यता जास्त.
- हरवलं किंवा चोरीला गेलं तर ताबडतोब ठाण्यात कळवायचं.

घरातला धोका

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. घरात पिस्तूल आलं की ते चोरासाठी एखाद्या रात्री असतं, पण घरच्यांसाठी वर्षाचे ३६५ दिवस असतं. लहान पोरगं कपाट उघडतं. पिणारा माणूस रात्री वाद घालतो. कर्ज, द्राक्षाची बाग गेली, लग्न मोडलं अशा काळात माणूस एखाद्या रात्री खचतो. ती रात्र गेली तर बहुतेक माणूस सावरतो. हाताशी पिस्तूल असेल तर सावरायला वेळच मिळत नाही.

घरात कुणी पिणारं, फार रागीट किंवा सध्या निराश असेल तर हा विषय तिथंच बंद करा. आणि आधीच घरात परवान्याची बंदूक असेल तर ती काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करता येते. त्यात कसलाही कमीपणा नाही. मन मोकळं करायला सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून आहे.

गावठी कट्ट्याच्या नादाला लागू नका

परवान्याचा एवढा व्याप बघून काही पोरं सोपा रस्ता शोधतात. मध्य प्रदेशच्या सीमेकडून येणारं गावठी पिस्तूल काही हजारांत मिळतं म्हणतात. कायदा काय म्हणतो ते बघा. विनापरवाना हत्यार जवळ बाळगलं तर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड. विकलं किंवा बनवलं तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप. हातात फुटण्याचा धोका वेगळाच. भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं तर आयुष्यच संपलं, कारण चारित्र्य पडताळणीत ते निघतंच. फेसबुक, इन्स्टाग्रामवर "घरपोच पिस्तूल" म्हणणारे बहुतेक पैसे घेऊन गायब होणारे भामटे असतात. त्यांची तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

"आमचं गाव तुफान सेनेचं" असं लिहून पिस्तुलाचे रील टाकणाऱ्यांसाठी दोन शब्द. कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचं केंद्र होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. ती इंग्रज सरकारची होती आणि लुटलेला पैसा चळवळीसाठी होता. ती माणसं हत्यार मिरवत नव्हती, लपवत होती. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, दारूबंदी केली, सावकारांना आवरलं. त्यांचं नाव स्टेटसच्या पिस्तुलाला लावू नये.

आजोबांची बंदूक घरात असेल तर

बऱ्याच घरात जुनी परवान्याची बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक असते. परवानाधारक वारला की ती घरात तशीच ठेवता येत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची, पोच घ्यायची आणि वारसानं आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा. परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं, तर वारसाला अर्ज करता येतो. माळ्यावर गंजत पडलेली वारस नोंद नसलेली बंदूक म्हणजेही विनापरवाना हत्यारच.

मग वस्तीवर राहणाऱ्यानं करायचं काय?

- घराच्या चारी बाजूंना उजेड. हालचाल झाली की पेटणारे सोलर दिवे आता स्वस्त आहेत, आणि लाईट गेली तरी चालतात.
- घराभोवतीचा ऊस दहा-पंधरा फूट मागं ठेवा. बिबट्या आणि चोर दोघांचीही लपण जाते.
- दोन कुत्री, पण रात्री बंदिस्त जागेत. मोकळं कुत्रं बिबट्याला बोलावतं. शेळ्या-वासरांना जाळीचा बंद गोठा.
- सिमवर चालणारा कॅमेरा आणि मोटारीच्या स्टार्टरला फोनवर कळवणारी यंत्रणा.
- मजबूत दार, आतून आडणा आणि एक खोली अशी की जिथं सगळी माणसं आत जाऊन कडी लावू शकतील. तिथं चार्ज केलेला फोन ठेवा.
- पोलिसांसाठी ११२. वस्तीचा पत्ता सांगायला जवळची खूण, डीपी किंवा पाझर तलाव घरातल्या पोरांनाही पाठ पाहिजे.
- पुणे, सातारा अशा जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एका फोनवर सगळ्या गावाला संदेश जातो. आपलं गाव त्यात आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या.
- चार वस्त्यांचा मिळून एक ग्रुप आणि एक भोंगा. दरोडेखोर पिस्तुलाला जेवढा भितो त्यापेक्षा जास्त जागा झालेल्या गावाला भितो.
- सोनं लॉकरमध्ये, ऊसबिल बँकेत. घरात काही नाही, हे बाहेर माहीत असणं हीसुद्धा राखणच.

ज्याला नेमबाजीची आवड आहे त्यानं १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. .१७७ मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. पुढं क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धा यातूनच .२२ चा खेळाडू म्हणून परवाना मागता येतो. पोरा-पोरींसाठी हा रस्ता चांगला आहे.

अर्ज करण्याआधी स्वतःला विचारा

१. धोका नेमका कुणाकडून? त्याची पोलिसांत नोंद आहे का?
२. उजेड, दार, कॅमेरा, शेजार हे सगळं करून झालं का?
३. घरात कुणी पिणारं, तापट, निराश आहे का? लहान पोरं आहेत का?
४. वर्षभर नियमानं रेंजवर जाऊन सराव करायला वेळ आणि पैसा आहे का?
५. माणसावर गोळी झाडायची आणि त्यानंतर कोर्टाची वर्षं काढायची तयारी आहे का?
६. बायको, आई, मोठी मुलं यांना विचारलं का?

पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्याचं उत्तर ठाम 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' असेल, तर कुंडल ठाण्यात जाऊन आधी बोला, मग ऑनलाईन अर्ज भरा. तेव्हाही खिशात बसतं म्हणून .२२ घेऊ नका. परवानाधारक विक्रेत्याकडं .२२ आणि .३२ दोन्ही हातात घेऊन बघा, प्रशिक्षकाला विचारा आणि मग ठरवा. एकाही ठिकाणी अडखळलात, तर पिस्तुलाचे पैसे ठेवा आणि यंदाच्या ऊसबिलातून घराभोवती चार दिवे लावून घ्या.